परत येणारी प्रीती

खंडाळ्याहून बोरघाट उतरून खोपोलीला आलेला माणूस त्या वाटेची वळणे विसरत नाही. येशू ख्रिस्ताने सांगितलेली एक गोष्ट अशाच उतरणीवरची आहे. यरुशलेम उंचावर, यरीहो पार खाली, मध्ये ओसाड डोंगर. त्या वाटेवर चोरांनी एका प्रवाशाला लुटले आणि अर्धमेला करून टाकून दिले. मंदिराचा याजक आला, त्याने पाहिले आणि तो बाजूने निघून गेला. मागून आलेला लेवी, म्हणजे मंदिराचा सेवेकरी, तोही तसाच गेला. मग आला एक शोमरोनी. यहुदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवीत नसत. पण थांबला तो हाच! त्याने जखमा बांधल्या आणि त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले.

इथवरची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. शेवट मात्र ध्यानात राहत नाही. दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, दिली आणि सांगितले की, अधिक खर्च लागला तर तो मी परत येताना देईन. ख्रिस्ती माणसाची प्रीती ओळखावी ती या परत येण्यावरून.

संकट कोसळले की माणसे धावतात, हे आपल्या भागाने पाहिलेले आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर गाडीवाट नव्हती. भर पावसात माणसे डोंगर चढून गेली आणि हातांनी माती उपसू लागली. मदतीसाठी चढताना एका अग्निशमन अधिकाऱ्याचा प्राणही गेला. त्या माणसांनी जातगोत विचारली नाही. पण पाऊस थांबतो, गर्दी पांगते, आणि उरते ते रोजचे दुःख. त्याच्यापाशी कोण जातो?

पंडिता रमाबाईंचे चरित्र इथे आठवावे. १८७० नंतरच्या दुष्काळी दिवसांत त्यांनी आईवडील आणि थोरली बहीण गमावली. भूक म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यापलीकडे दौंडच्या वाटेवर केडगाव आहे, तिथे त्यांना आसरा मिळाला. पण आणणे सोपे, सांभाळणे कठीण! कोणी आजारी, कोणी रागीट, कोणाला अक्षरओळखही नाही. तिथे शेती, विणकाम, छपाई शिकवली गेली. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवले ते रमाबाईंच्या मुलीने, मनोरमाने. १९२२ साली देह ठेवीपर्यंत रमाबाई त्याच कामात होत्या. त्यांची प्रार्थना आणि त्यांची चूल वेगळी नव्हती.

तेव्हा प्रीती म्हणजे नुसता मनाचा उमाळा नव्हे. कोणी आपल्याला आवडला नाही तरी त्याचे भले करता येते. उमाळा ओसरतो, पण घेतलेले काम रोज उठून करता येते.

दिवाळी सरली की कर्जत-खालापुरातली कितीतरी कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. मुले बरोबर जातात, शाळेतली जागा रिकामी पडते. पावसाच्या तोंडाशी पोर परत येते ते धडे विसरून. गुरुजी, त्याला 'ढ' न म्हणता पुन्हा पहिल्या अक्षरापासून शिकवणे ही प्रीती आहे. शेजारच्या म्हातारीला एकदा दवाखान्यात नेले, फार बरे केले. गोळ्या संपल्यावर पुन्हा कोण गेले? रविवारी उपासनेला बसणाऱ्याने हा प्रश्न स्वतःला सोमवारी विचारावा. आणि ख्रिस्ती नसलेल्यानेही विचारायला काय हरकत आहे? गोष्टीतला तो शोमरोनी तरी ऐकणाऱ्यांच्या धर्मातला कुठे होता!