देवगिरीच्या गोण्या

इ. स. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने देवगिरीस वेढा घातला. गड बळकट होता. परंतु धान्याच्या म्हणून घाईने आत घेतलेल्या गोण्यांत मीठ निघाले, असे सांगतात. दाराशीच त्या उघडून पाहिल्या असत्या तर!

देवगिरीजवळच्या छत्रपती संभाजीनगरात एखाद्या शाळेत वायफाय आहे असे समजा. त्याच्या लहरी भिंतीपलीकडेही जातात. परकाही त्या पकडू शकतो. म्हणून वायफाय यंत्राची तार शाळेच्या संगणकांस थेट न जोडता प्रथम ‘फायरवॉल’ नावाच्या पहारेकऱ्याच्या स्वतंत्र दाराशी जोडतात. संदेश कोठून आला, कोठे जाणार, हे पाहून नियमात बसेल तोच तो पुढे सोडतो. हवेतून जाणारे संदेश सांकेतिक असतात; परवलीचा शब्द ही त्यांची किल्ली. मुलांनो, ती मात्र तुम्हीच सांभाळावयाची आहे!