जैवपटल व वैद्यकीय साधनांची परीक्षा

जैवपटल व वैद्यकीय साधनांची परीक्षा : ओलसर पृष्ठभागाला चिकटून, स्वतःच स्रवलेल्या बुळबुळीत द्रव्यात गुरफटून राहणाऱ्या सूक्ष्मजंतूंच्या थराला जैवपटल किंवा बायोफिल्म म्हणतात. दातांवर साचणारे किटण हे त्याचे नित्याचे उदाहरण होय. मूत्रमार्गात किंवा नीलेत बसविलेले कॅथेटर, कृत्रिम सांधे, हृदयाच्या कृत्रिम झडपा इ. साधनांवरही असे पटल तयार होते व ते चिवट संसर्गाचे मूळ ठरते. ते टाळण्यासाठी काही साधनांवर चांदी, क्लोरहेक्सिडीन किंवा प्रतिजैविके यांचा लेप देतात. हा लेप कितपत उपयुक्त आहे, याची पहिली पारख प्रयोगशाळेत होते. मात्र सूक्ष्मजंतूंना ज्या स्थितीत ठेवून परीक्षा केली असेल, त्या स्थितीपुरताच तिचा निष्कर्ष खरा असतो.

पटलाचे स्वरूप : द्रवात सुटे तरंगणारे सूक्ष्मजंतू पृष्ठभागाला प्रथम सैलपणे व नंतर घट्ट चिकटतात. विभाजनाने त्यांची संख्या वाढते आणि बहुशर्करा, प्रथिने व डीएनए यांनी बनलेले आधारद्रव्य त्यांच्याभोवती साचते. या थरातून काही औषधे सावकाश आत झिरपतात. आतील भागात अन्न व ऑक्सिजन कमी पडत असल्याने तेथील कोशिकांची वाढ मंदावते आणि वाढत्या कोशिकांवरच परिणाम करणारी प्रतिजैविके तेथे निष्प्रभ ठरतात. हा चिवटपणा बहुधा आनुवंशिक नसतो. पटलातून सुटे केलेले सूक्ष्मजंतू पुन्हा औषधाला बळी पडू शकतात.

दातांच्या किटणावरील व्हिनेगराचा परिणाम केवळ बाहेरच्या जंतूंपर्यंतच पोहोचतो, असे आंतॉन व्हान लेव्हेनहूक यांनी 1684 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रात नमूद केले होते. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात जे. डब्ल्यू. कॉस्टरटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅथेटरच्या द्रव्यावर स्यूडोमोनस एरुजिनोजा या सूक्ष्मजंतूचे पटल वाढवून केलेला प्रयोग 1985 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुट्या कोशिका दर मिलि. ला 50 मायक्रोग्रॅम टोब्रामायसिनाने मेल्या. पटलातील कोशिकांचा लक्षणीय भाग मात्र 1,000 मायक्रोग्रॅम एवढ्या संहतीत 12 तास ठेवूनही जिवंत राहिला.

परीक्षापद्धती : सर्वांत सोप्या पद्धतीत सूक्ष्मजंतू पसरलेल्या आगरावर साधनाचा तुकडा ठेवतात व त्याच्याभोवती वाढ न झालेल्या वलयाची रुंदी मोजतात. यावरून औषध तुकड्यातून बाहेर झिरपते एवढेच कळते. प्लॅस्टिकादी सच्छिद्र नसलेल्या पृष्ठभागांसाठी आयएसओ 22196 हे मानक प्रथम 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार 5 सेंमी. बाजूच्या चौरस नमुन्यावर सूक्ष्मजंतूंचा 0.4 मिलि. द्रव घालून तो पातळ फिल्मने झाकतात आणि 35° से. तापमानात 24 तासांनी जिवंत कोशिका मोजतात. येथे द्रव स्थिर असतो व सूक्ष्मजंतूंनी पटल बनविलेले नसते. म्हणून या परीक्षेत उतरलेले साधन जैवपटल रोखते, असे म्हणता येत नाही.

प्रत्यक्ष पटल वाढविण्यासाठी निराळी उपकरणे वापरतात. अमेरिकेतील सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपकरणात काचेच्या पात्राच्या झाकणाला 8 दांड्या असतात व प्रत्येकीत तपासावयाच्या द्रव्याच्या 3 चकत्या बसवितात. प्रमाणित पद्धतीत प्रथम 24 तास स्थिर साठ्यात व पुढील 24 तास ताज्या माध्यमाच्या प्रवाहात पटल वाढू देतात. या काळात पात्रातील पाते द्रव घुसळत राहते. कॅल्गरी विद्यापीठातील संशोधकांनी 1999 मध्ये वर्णन केलेल्या उपकरणात झाकणाला 96 खुंट्या असतात. त्यांवर सारखी पटले वाढवून ती औषधाच्या निरनिराळ्या संहतींत बुडवितात आणि पटल नष्ट करणारी किमान संहती काढतात.

वरील पद्धती मुख्यत्वे तयार पटल मारण्याची परीक्षा करतात. लेपाचे काम मात्र पटल होऊच न देणे हे असते. त्यासाठी लेपयुक्त द्रव्य व लेपरहित द्रव्य शेजारीशेजारी ठेवून, साधन शरीरात जितके दिवस राहावयाचे तितके दिवस, शरीरातील द्रवाशी मिळत्याजुळत्या माध्यमात परीक्षा चालवावी लागते. वेल्समधील कार्डिफ येथे डेव्हिड स्टिकलर यांच्या गटाने काचेचे कृत्रिम मूत्राशय योजून त्यात पूर्ण कॅथेटर बसविले व कृत्रिम मूत्राचा प्रवाह सोडला. प्रोटियस मिराबिलिस या सूक्ष्मजंतूचे यूरिएज एंझाइम यूरियापासून अमोनिया निर्माण करते. त्यामुळे मूत्र क्षारीय होऊन कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची फॉस्फेटे पटलात साचतात व नळी तुंबते. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत चांदीचा लेप असलेल्या नळ्याही यातून सुटल्या नाहीत.

मापन : ठरलेल्या वेळेनंतर नमुना धुऊन सुट्या कोशिका काढून टाकतात. पटल श्राव्यातीत तरंगांनी किंवा खरवडून अलग करतात, त्याचे विरलन करतात आणि आगरावर उगवलेल्या वसाहती मोजतात. नमुन्याबरोबर आलेले औषध लेसिथीन, पॉलिसॉर्बेट 80 यांसारख्या योग्य द्रव्याने तत्काळ निष्प्रभ करणे आवश्यक असते. नाहीतर ते आगरावरही वाढ रोखते आणि लेप आहे त्याहून प्रभावी भासतो. पटल पुरेसे सुटले नाही, तरी तोच भ्रम होतो.

घट लॉगरिथममध्ये सांगतात. 1 कोटी कोशिकांच्या 10 हजार उरल्या, तर घट 3 लॉग, म्हणजे 99.9 टक्के होय. हा आकडा मोठा दिसला, तरी उरलेल्या कोशिका दहा वेळा दुप्पट झाल्या की संख्या पुन्हा सु. 1 कोटी होते. म्हणून घटीबरोबर आरंभीची संख्या, उरलेली संख्या व काळ सांगणे अगत्याचे असते.

प्रयोगशाळा व रुग्ण : अंतिम निर्णय रुग्णांवरील नियंत्रित चाचणीने होतो. क्लोरहेक्सिडीन व सिल्व्हर सल्फाडायाझीन यांचा लेप असलेल्या मध्यवर्ती नीला-कॅथेटरांच्या 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रक्तसंसर्गाचे प्रमाण 1.0 टक्का, तर साध्या कॅथेटरांत 4.6 टक्के आढळले. याउलट ब्रिटनमधील 24 रुग्णालयांत झालेल्या व 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अल्पकाळ बसविलेल्या मूत्र-कॅथेटरांमुळे लक्षणांसह होणाऱ्या मूत्रमार्ग-संसर्गाचे प्रमाण साध्या नळीत 12.6, चांदीमिश्रित लेपाच्या नळीत 12.5 व नायट्रोफ्यूराल असलेल्या नळीत 10.6 टक्के आढळले. चांदीचा लाभ दिसला नाही आणि नायट्रोफ्यूरालाचा लाभ व्यवहारात महत्त्वाचा ठरेल एवढा नव्हता. रुग्णाच्या शरीरात प्रथिने लेपावर बसतात, औषध हळूहळू संपते व नवे सूक्ष्मजंतू येतच राहतात. अल्पकालीन परीक्षेत यांपैकी काहीच घडत नाही.

यास्तव लेपाविषयीचा दावा पारखताना सूक्ष्मजंतू सुटे होते की पटलात, द्रव कोणता व वाहता होता की स्थिर, परीक्षा किती दिवस चालली, औषध निष्प्रभ केले होते काय आणि लेपरहित साधनाशी तुलना केली होती काय, हे पाहावे लागते. लेपाच्या भरवशावर कॅथेटर गरजेपेक्षा अधिक काळ ठेवणे अयोग्य होय. गरज संपताच ते काढून टाकणे, हा पटल टाळण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे.