मानेवरचा हात

मान आखडली की घरात आधी बाम निघतो, मग गरम पाण्याची पिशवी, आणि तेवढ्यात कुणीतरी सांगतंच, ‘सलूनमध्ये जाऊन कडकन मोडून घे.’ शिवणकाम करणाऱ्या मावशी पहिले दोन उपाय संपवून फिजिओथेरपिस्टकडे आल्या होत्या. लग्नसराई, ब्लाउजांचा ढीग, मशीनवर दिवसभर खाली घातलेली मान. उजवीकडे बघायचं तर खांद्यासकट वळावं लागत होतं.

त्यांच्या परवानगीने मी शेजारी बसून पाहत होतो. डॉक्टरांनी लगेच मान चोळायला घेतली नाही. हाताला मुंग्या येतात का? हातातून वस्तू निसटते का? चक्कर, ताप? कुठे पडलात का? मग मान किंचित मागे आणि उजवीकडे कलती करून डोक्यावर हलका दाब दिला. कळ दंडात उतरत नाही ना, ते पाहिलं. उतरली असती तर उपचाराची दिशाच बदलली असती.

मावशी पालथ्या झोपल्या. मानेत सात मणके असतात. डॉक्टरांचे दोन्ही अंगठे जोडीने त्यांच्या कडेकडेने वर सरकत गेले आणि एका जागी थांबले. बघणाऱ्याला तिथे काहीच वेगळं दिसत नव्हतं.

“इथंच ना, मावशी?”

“हां पोरी, तिथंच.”

आता तिथे दाब सुरू झाला. सेकंदाला दोन-तीन झोके, इतके बारीक की कातडी जेमतेम हलत होती. अर्धा-एक मिनिट, मग थांबून विचारणं, मग पुन्हा. या झोक्यांच्या पायऱ्या ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलंड यांनी बसवल्या. पहिल्या दोन हलक्या, वेदना शमवणाऱ्या. तिसरी आणि चौथी अडलेला सांधा मोकळा करणाऱ्या. दुखऱ्या मानेला सुरुवात हलक्या पायरीनेच करायची. जोर डॉक्टरांच्या खांद्यातून येत होता, अंगठे तो फक्त पोचवत होते. बोटांच्या ताकदीवर हे काम करणाऱ्यांचे अंगठेच पुढे दुखायला लागतात.

नंतर मावशींना उठवून बसवलं. मणक्यावरचा दाब तसाच धरून डॉक्टर म्हणाल्या, “आता तुम्हीच वळा. कळ आली तर लगेच सांगा.” ही न्यूझीलंडच्या ब्रायन मुलिगन यांची पद्धत, आणि कळ येता कामा नये ही तिची अटच. पहिल्या खेपेला आली. डॉक्टरांनी दाबाची दिशा जराशी बदलली. दुसऱ्या खेपेला मावशींची नजर खांदा न हलवता खिडकीपर्यंत गेली. मला या सगळ्यात सर्वांत मोलाचं वाटलं ते हे, की मान मावशींनी स्वतः वळवली.

जाताना व्यायाम मिळाला: ताठ बसून हनुवटी आत घ्यायची, पाच सेकंद धरायची, दहा वेळा. शिवाय अर्ध्या तासाने मशीनवरून उठायचं. नुसत्या हाताच्या उपचाराने आलेला आराम फार टिकत नाही, व्यायामाची जोड लागते.

सलूनमधल्या ‘कडक’ आवाजाने मणका जागेवर बसत नाही. तो सांध्यातल्या द्रवात होणाऱ्या वायूच्या पोकळीचा आवाज असतो. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधल्या छिद्रांतून वर जातात. झटक्याने धमनीचं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. त्या विरळा असल्या तरी दाढी-कटिंगनंतर मानेकडे हात आला, तर स्पष्ट नाही म्हणा.