उभ्या गाडीचा ताप

महामार्गावर सुरळीत धावणारी जुनी मोटार पेठेतील कोंडीत उभी राहताच तापू लागली, तर इंजिनच बिघडले असे लगेच मानू नये. धावत्या गाडीच्या रेडिएटरला वारा आपोआप मिळतो. उभ्या गाडीला तो केवळ पंखा पुरवतो. म्हणून तपासाचा आरंभ पंख्यापासून करावा.

मारुती ८०० सारख्या गाडीत हा पंखा विजेवर चालतो. काटा वर चढूनही तो फिरत नसेल, तर क्रमाने फ्यूज, रिले, तापमानाचा स्विच व मोटार तपासून घ्यावी. पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा असल्यास पट्टा सैल झाला आहे का, ते पाहावे. पंखा नीट फिरूनही ताप उतरत नसेल, तर कूलंटची पातळी, रेडिएटरमधील गाळ, थर्मोस्टॅट आणि वॉटर पंप यांकडे वळावे.

काटा लाल रेषेकडे जाताच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण मात्र कदापि उघडू नये. दाबाखालील पाणी १०० अंशांपलीकडेही उकळलेले नसते, ते झाकण सैल होताच उसळून अंगावर येते.

फ्यूज अल्प किमतीत मिळतो; हेड गॅस्केट गेले, तर इंजिन उघडावे लागते. दुरुस्तीला होकार देण्यापूर्वी पंखा पाहिला का, एवढे अवश्य विचारावे.