तिसऱ्या प्लेटची साक्ष

आयटीआयमध्ये फिटरचे शिक्षण घेतलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना सरफेस प्लेट चांगली परिचित आहे. यंत्राचा एखादा भाग सपाट आहे की नाही, हे तिच्यावर ठेवून पडताळले जाते. परंतु ती प्लेट तरी सपाट आहे, हे कशावरून ठरले? तिच्याहून अचूक प्लेटवरून, असे म्हटले तर प्रश्न केवळ एक पायरी मागे सरकतो. मग पहिली सपाट प्लेट कशावर तपासावयाची?

इंग्लंडचे अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० साली ग्लासगो येथे ब्रिटिश असोसिएशनपुढे याचे विवेचन केले. दोन प्लेट एकमेकींशी तंतोतंत जुळल्या, तरी त्या सपाट असतीलच असे नाही. एक फुगीर व दुसरी तितकीच खोलगट असली, तरीही त्या जुळतात. म्हणून तीन प्लेट घ्यावयाच्या. पहिली फुगीर असेल, तर तिच्याशी जुळविलेली दुसरी खोलगट होईल आणि तिसरीही खोलगटच होईल. आता दुसरी व तिसरी समोरासमोर ठेवताच त्या केवळ कडांवर टेकतील आणि दडलेला दोष उघडा पडेल. एका प्लेटला रंगाचा पातळ थर देऊन तिच्यावर दुसरी घासली, की उंचवट्यांना रंग लागतो. तेवढेच उंचवटे स्क्रेपरने खरवडावयाचे. जोड्या बदलत, प्लेट फिरवत हे काम चिकाटीने केले, की तिन्ही प्लेट परस्परांशी जुळतात. कोणत्याही दोन प्लेट कशाही ठेवल्या तरी जुळू लागल्या, म्हणजे तिन्ही सपाट झाल्या.

अशाच सपाट पृष्ठभागांच्या आधारे व्हिटवर्थ यांनी इंचाचा दहा लाखावा भाग, म्हणजे सुमारे २५ नॅनोमीटर इतका फरक दर्शविणारे मापनयंत्र घडविले. हे अंतर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी आहे. आज काचेच्या अतिसपाट चकत्या प्रकाशलहरींच्या साहाय्याने नॅनोमीटरपर्यंत तपासल्या जातात. तेथेही तीन चकत्या आलटूनपालटून जोडीने ठेवण्याची हीच रीत उपयोगी पडते.

या साऱ्या अचूकतेचा प्रारंभ ओबडधोबड लोखंडातून झाला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. निर्दोष नमुना कोणाच्याही हाती नव्हता. दोन प्लेटच्या एकमतावर समाधान न मानता तिसरीची साक्ष काढली गेली आणि ती दाखवील तो दोष प्रत्येक वेळी दूर केला गेला. घडण्याची इच्छा बाळगणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ही रीत अनुसरता येईल.