रोगाचा परिपाककाल आणि जुन्या कागदांतील तिथि

साथीच्या रोगाचें बीज शरीरांत शिरल्यापासून लक्षणें प्रकट होईपर्यंत जो काळ जातो त्यास परिपाककाल म्हणतात. तो सर्वांस सारखा नसतो. म्हणून तो एका आंकड्यानें न सांगतां गणितानें ठरवावा लागतो. ह्या गणिताची सामग्री आमच्या वाचकांच्या दप्तरांतहि असण्याचा संभव असल्यामुळें त्याचें स्वरूप येथें थोडक्यांत देतों.

डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ ह्या काळांत मुंबईस प्लेगनें दर आठवड्यास झालेल्या मृत्यूंचे आंकडे घेऊन कर्मॅक व मॅक्केन्ड्रिक ह्या उभयतांनीं १९२७ सालीं साथीच्या चढउताराचें आपलें समीकरण पडताळून पाहिलें. मृत्यूच्या नोंदींवरून चढउतार कळतो. परिपाककाल कळत नाहीं. त्यास संसर्गाची व लक्षणांची अशा दोन तिथि लागतात. दुसरी रोग्यास आठवते. पहिली बहुधा कोणासच ठाऊक नसते.

येथें प्रवास उपयोगीं पडतो. समजा, एक गृहस्थ दशमीस साथीच्या गांवीं पोहोंचला, द्वादशीस तेथून निघाला व पौर्णिमेस तापानें पडला. मध्यें तिथीची क्षयवृद्धि नसेल तर परिपाककाल तीन ते पांच दिवसांचा, एवढें निश्चित झालें. अशा अनेक मर्यादा एकत्र केल्या म्हणजे वक्र काढतां येतो. तो उजवीकडे लांबत जातो. कारण बहुतेकांस लक्षणें लवकर दिसतात, थोड्यांस फार उशिरां. परंतु दिवसांचे लॉगरिथम घेतले, म्हणजे अंतर बेरजेनें न मोजतां पटीनें मोजलें, कीं तो बहुधा दोहों बाजूंस सारखा होतो, हें १९५० सालीं सार्टवेल ह्यांनीं अनेक रोगांविषयीं दाखविलें.

२०२० सालीं चीनच्या हुबेई प्रांताबाहेरील १८१ रोग्यांच्या अशाच तारखांवरून कोव्हिडचा मध्यम परिपाककाल ५.१ दिवस निघाला. लक्षणें होणाऱ्यांपैकीं शेंकडा ९७.५ जणांस तीं ११.५ दिवसांच्या आंत होतात, असेंहि दिसलें. त्या वर्षीं आमच्या नागपुरांतहि पाळल्या गेलेल्या चौदा दिवसांच्या विलगीकरणास ह्यानें आधार मिळाला. संसर्गापासून पांचव्या दिवशींच लोकांस सोडलें असतें, तर निम्मे रोगी लक्षणें दिसण्यापूर्वींच घरीं परतले असते.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे. अमुक गांवाहून निघालों, अमुक तिथीस ताप आला, असा मजकूर घरगुती म्हणून पत्रें छापतांना गाळूं नये. दोन्ही तिथि मुळाप्रमाणें द्याव्या व जंत्रीवरून तारखा लावाव्या. नेमका दिवस लागत नसेल तर तो तर्कानें भरूं नये. अलीकडची व पलीकडची मर्यादा द्यावी. गणितास तेवढी पुरते.