चोर मूत्रपिंडात, चाहूल नाकात!

एका साठीच्या गृहस्थांचा घोळणा वारंवार फुटू लागतो. उन्हाळा बाधला म्हणून घरची मंडळी टाळूवर पाणी थापतात, कांदा हुंगवतात. अखेर डॉक्टर नाकात डोकावतात तो आत गाठ! तिचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली जातो आणि उत्तर येते, ही गाठ नाकाची नव्हेच, मूत्रपिंडाची! आमचे हे गृहस्थ कल्पित खरे. पण असे रुग्ण दुर्मिळ असले तरी वैद्यकाला अपरिचित नाहीत.

‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. मूत्रपिंडाचा कर्करोग मोठा लबाड. त्याने 1883 साली ग्राविट्झ या जर्मन शास्त्रज्ञालाही चकविले. या गाठी मूत्रपिंडावरच्या ग्रंथीच्या भरकटलेल्या पेशींपासून होतात, असे त्याने मांडले. तर्क चुकला, नाव मात्र गाठीला चिकटून राहिले.

ही भटकंती होते तरी कशी? हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा दोन मूत्रपिंडांकडे जातो. गाठ तर नव्या रक्तवाहिन्यांचे जाळेच विणते. तिच्या पेशी नीलेत शिरल्या, की उजव्या हृदयातून थेट फुफ्फुसात. म्हणून पहिला मुक्काम बहुधा तिथेच. हाडे, यकृत आणि मेंदू ही पुढची नेहमीची बिऱ्हाडे. पण क्वचित थायरॉइड, स्वादुपिंड, जीभ, डोक्याची त्वचा, डोळ्याची खोबण अशा ठिकाणीही हा पाहुणा उतरतो. 1940 साली बॅटसन यांनी पाठीच्या कण्यालगतचे, झडपा नसलेले नीलांचे जाळे दाखविले. फुफ्फुसे टाळून काही पेशी या आडवाटेने डोक्याकडे जात असाव्यात.

याहून नवल म्हणजे त्याची चिकाटी! शस्त्रक्रियेने मूत्रपिंड काढले, माणूस खडखडीत बरा झाला, सारे विसरले. आणि दहा-वीस वर्षांनी गळ्यात गाठ यावी, असेही घडते.

परंतु वाचकहो, घाबरून जाऊ नका. अशी एकटीदुकटी गाठ पुष्कळदा कापून काढता येते. स्वादुपिंडातली तर बरेचदा सावकाश वाढते. गाठीची रक्ताची रसद तोडणारी औषधे 2005-06 पासून मिळू लागली. पुढे शरीराच्या संरक्षक पेशींना जागे करणारीही आली.

आपण काय करावे? लघवीतून एकदाच आणि न दुखता रक्त गेले, तरी डॉक्टरांना दाखवावे. तंबाखू सोडावी; वजन व रक्तदाब आटोक्यात ठेवावा. आणि मूत्रपिंडाचे जुने ऑपरेशन झाले असेल, तर नव्या डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे, मग तक्रार नाकाची का असेना! घोळणा फुटला म्हणजे कर्करोग नव्हे. पण ट्रंकेच्या तळाशी पडलेला तो पिवळा कागद एखाद्या वेळी जीव वाचवील.